नातं तुटल्याची तालीम

“जमीन समुद्र खातो, सोनं चोर खातो, नोटा महागाई खाते; पण पोराच्या डोक्यात घातलेला पैसा प्रत्यक्ष यमराजालाही खाता येत नाही.”

हे वाक्य मा गिलसू यांनी उभ्या आयुष्यात लग्नांत, मयतांत, न्हाव्याकडे आणि एकदा दारूच्या भरात पोलीस चौकीतही ऐकवलं होतं. त्यात वावगं काहीच नव्हतं. वावगं एवढंच झालं, की या खेपेला त्यांनी ते वॉर्ड ऑफिसच्या खिडकीपाशी ऐकवलं, आणि तेही आपण निर्धन असून सरकारने आपल्याला हात द्यावा असं सांगायला गेले असताना. खिडकीमागच्या मुलीने नुसतं विचारलं होतं, “आजोबा, मुलंबाळं?” शहाण्या म्हाताऱ्याने अशा वेळी एक सुस्कारा सोडला असता आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं असतं. गिलसूंनी छाती पुढे काढली. आपला मुलगा दोंगजुन सोलमध्ये अर्थशास्त्राचा डॉक्टर आहे, गरिबांना किती द्यायचं हे ठरवताना सरकार त्याला विचारतं, टीव्हीवर तो बोलतो तेव्हा खाली त्याच्या नावाची पट्टी येते, हे सगळं त्यांनी रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं. मुलीने ते शांतपणे संगणकात भरलं. संगणकाने जरा विचार केला आणि सांगितलं, की ज्याचा मुलगा एवढा कमावतो तो माणूस गरीब नाही.

बाहेर येताना गिलसू गुमोकला म्हणाले, “बघ. संगणकालासुद्धा माहिती आहे.”

गुमोक त्यांची मुलगी, दोंगजुनहून थोरली. त्या दिवशी तीच त्यांच्याबरोबर होती, कारण त्यांच्याबरोबर नेहमी तीच असे. बापाला बाकावर बसवून ती खिडकीशी परत गेली. खिडकीमागची मुलगी भली होती. आवाज खाली आणून तिने सांगितलं, की मुलगा कमावता असला तरी त्याने आईबापांना टाकलेलं असेल, येणंजाणं, फोन, पैसे असं काहीच उरलेलं नसेल, तर गोष्ट निराळी. चुसॉकचा सण झाला की ती स्वतः घरी येईल. म्हाताऱ्यांना विचारील, शेजाऱ्यांना विचारील, बँकेचं आणि फोनचंही बघावं लागेल. तोवर घरात जरा बोलून घ्या.

म्हणून चुसॉकच्या सकाळी मा घराणं बुसानच्या यंगदो बेटावर, चढावरच्या त्या दोन खोल्यांत जमलं होतं. आपण एकमेकांना कधीच भेटत नाही, हे नीट ठरवून घ्यायचं तर भेटणं भागच होतं.

दोंगजुन आणि त्याची बायको युग्यंग सोलहून गाड्यांच्या रांगेत रखडत आले होते. नातू हारिम आला नव्हता. त्याचं विद्यापीठाच्या परीक्षेचं वर्ष होतं, आणि क्लासवाल्यांनी सणाच्या सुट्टीसाठी खास शिकवणी काढली होती. सुट्टीत शिकायची फी अर्थातच एरवी शिकायच्या फीपेक्षा जास्त होती.

पूर्वजांची पूजा उरकली. दोंगजुनने दोन्ही हातांनी पेला धरून दारू अर्पण केली, वाकला, पुन्हा वाकला. पेला भरायचा मान थोरल्या मुलाचा. गुमोकने पहाटेपासून मासे तळले होते, पाइनच्या सुयांवर तांदळाच्या पिठाचे सोंगप्यन उकडले होते, फळं रंग बघून मांडली होती, आणि दर वर्षीप्रमाणे पूजेच्या वेळी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात हात पुसत उभी होती. तिथून तिला बापाचे पाय दिसत होते. मोज्याचं इलॅस्टिक पोटरीत रुतलं होतं आणि वरचं मांस फुगून आलं होतं.

गिलसूंची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा त्यांनी दवाखान्यात यंत्राला हात जोडून पडायचं होतं, म्हणजे रक्त धुऊन निघे. ते दोनदाच जात होते. तिसऱ्या वेळी ते घरातून वेळेवर निघत आणि गोदीच्या फाटकासमोर बसून जहाजं बघत. नर्सने गुमोकला फोन केला तेव्हा हे उघड झालं. औषधं, यंत्र, गाडी आणि या घराचं भाडं दोंगजुनच्या पैशांवर चालत असे. तो पैसा आधी उशिरा येऊ लागला, मग अर्धा येऊ लागला, आणि आता नुसता “पुढच्या महिन्यात बघतो” असा निरोप येत होता. त्या निरोपाने रक्त धुतलं जात नाही. मदत मिळाली नाही, तर थंडी संपेपर्यंत बाप राहणार नाही, असं डॉक्टरांनी गुमोकला सांगितलं होतं. तिने ते जेवताना सगळ्यांना सांगितलं. गिलसू म्हणाले, कोळंबी छान झाली आहे.

ताटं उचलल्यावर युग्यंगने पिशवीतून एक रंगीत फाइल काढली. बँकेतल्या सल्लागाराकडून त्यांनी आपल्या सबंध आयुष्याचं नियोजन करून आणलं होतं. पहिल्या पानावर एक मोठं वर्तुळ होतं, त्याचे निरनिराळ्या रंगांचे काप केलेले. सासू सुल्ले चष्मा लावून पुढे सरकली.

“केवढं मोठं कलिंगड आहे,” ती कौतुकाने म्हणाली.

सुल्लेला ऐकू येत नसे. यंगदोच्या गोदीत जहाजांच्या अंगावरचा गंज हातोडीने ठोकून काढायचं काम बायका करत. दोरखंडाला लटकवलेल्या फळीवर बसायचं आणि दिवसभर लोखंडावर लोखंड आपटायचं. सुल्लेने ते दोंगजुन पहिलीत गेला तेव्हा धरलं आणि तो डॉक्टर झाला तेव्हा सोडलं. मुलाच्या डोक्यात जे गेलं, त्यातलं बरंचसं आईच्या कानांतून गेलं होतं. त्यामुळे या घरात कुठलंही गुपित ओरडूनच सांगावं लागे.

युग्यंग ओरडून सांगू लागली. ती वाईट बाई नव्हती. एकेका कापावर ती बोट ठेवत गेली. सर्वांत मोठा काप फ्लॅटच्या कर्जाचा. त्याच्या शेजारचा हारिमच्या शिक्षणाचा. एक पातळ फोड त्यांच्या स्वतःच्या म्हातारपणाची. गुमोक ‘आईबाबा’ असं कुठे लिहिलं आहे ते शोधत होती. शेवटी तिला ते सापडलं. ‘इतर’ नावाच्या करड्या रेषेत, गाडीचा विमा आणि केस कापणं यांच्यासोबत.

सरकारला आमचा पगार दिसतो, कर्ज दिसत नाही, असं युग्यंग म्हणाली. मग ती सासऱ्यांकडे वळली. “हारिमचं थांबवलं तर सगळं सुटेल, बाबा. तुम्ही सांगा, थांबवू का? पोराच्या डोक्यातला पैसा कधी बुडत नाही, हे तुमचंच ना?”

“माझंच,” गिलसू म्हणाले. सुनेला आपलं वाक्य पाठ आहे याचा त्यांना खरोखर आनंद झाला.

दोंगजुनच्या पीएच.डी.चा विषय ‘मानवी भांडवल’ असा होता. माणसावर केलेला खर्च हीसुद्धा गुंतवणूकच असते, हे त्याने त्यात सिद्ध केलं होतं. ते कळल्यावर गिलसूंना नवल वाटलं होतं, की एवढं सांगायला मुलाला इतकी वर्षं आणि अमेरिका का लागली. त्याचा वर्तमानपत्रातला एक लेख त्यांनी बैठ्या टेबलाच्या काचेखाली जपून ठेवला होता. गुमोकने आता त्या काचेवरून ओलं फडकं फिरवलं आणि हात मध्येच थांबवून मोठ्याने वाचलं, “‘ज्यांची मुलं सक्षम आहेत अशा वृद्धांचा भार सामान्य करदात्यावर टाकणं न्याय्य ठरणार नाही.’”

दोंगजुनने चहाचा कप खाली ठेवला. “ते मी सरासरीबद्दल लिहिलं होतं, ताई.”

“कुठल्या गल्लीत राहते ती?”

“कोण?”

“सरासरी. बाबांना तिच्याकडे ठेवून येते.”

दोंगजुनने कप पुन्हा उचलला. त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले होते, आणि बुटांना नवे तळवे लावून घेतलेले गुमोकने दारातच पाहिले होते. चपला-बुटांतलं तिला कळे. तिला त्याची कीव आली, आणि कीव आल्याचा रागही आला.

मग मूळ विषय निघाला. दोंगजुनने आईच्या कानाशी वाकून, आपल्या संशोधन संस्थेत भाषण करतात तशा मुद्देसूद रीतीने सगळं सांगितलं: सणानंतर ऑफिसातून मुलगी येईल, तिला सांगायचं की दोंगजुन आम्हाला विचारत नाही, येत नाही, पैसे देत नाही, आमचा त्याचा संबंध संपला. सुल्लेला पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा, आणखी जोराने सांगितलं. “मी तुम्हाला टाकलंय, आई. टाकलंय असं सांगायचं.”

भिंतीपलीकडून आवाज आला. शेजारणीचा; थोंगयंग गावची म्हणून तिला सगळे थोंगयंगवाली म्हणत. “आम्हालाही विचारणार आहेत म्हणे. मी काय सांगायचं तेही एकदाच ठरवून टाका, म्हणजे दोन्हीकडून सारखं निघेल.”

गुप्तता अशी राखली गेल्यावर तालीम सुरू झाली. गुमोक ऑफिसातली मुलगी झाली. तिने गुडघे मुडपून बसून विचारलं, की आजोबा, मुलगा येतो का भेटायला. गिलसू म्हणाले, अजिबात येत नाही. कसा येणार, मागच्या महिन्यात तर खुद्द मंत्र्यांनी बोलावून घेतलं होतं. दोंगजुनने कपाळाला हात लावला. दुसऱ्या खेपेला गिलसूंनी मुलगा नालायक आहे इथपर्यंत मजल मारली. पण शाळेत कायम पहिला, हे जोडल्याशिवाय त्यांना राहवलं नाही. तिसऱ्या खेपेला त्यांनी कष्टाने तेवढंच सांगितलं आणि मग न विचारता टेबलाच्या काचेकडे बोट दाखवलं. लेख काचेखालून काढून ठेवावा लागला.

नुसतं संबंध तुटला म्हणून भागणार नाही, का तुटला हेही विचारतील, असं दोंगजुन म्हणाला. इस्टेटीवरून भांडण झालं, असं सांगावं. गुमोक म्हणाली, या घरात भांडण्यासारखं एकच कपाट आहे आणि ते घरमालकाचं. युग्यंगने सुचवलं, की दोंगजुन चर्चमध्ये जायला लागला आणि पूर्वजांची पूजा करणार नाही म्हणाला, असं सांगू. तिच्या माहेरी खरंच तसं झालं होतं. गिलसूंनी मागे वळून पूजेच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे पूर्वजांची फळं अजून तशीच होती. हे बोलणं त्या पूर्वजांनी ऐकलं असेल तर काय, असा त्यांचा चेहरा झाला. मेलो तरी असलं सांगणार नाही, असं ते म्हणाले, आणि त्यांच्या बाबतीत ही नुसती म्हणायची गोष्ट राहिली नव्हती.

“खरं कारण सांगा की,” गुमोक म्हणाली.

तिचा आवाज चढलेला नव्हता. तरी भिंतीपलीकडची खुडबुडसुद्धा थांबली.

“कुठलं खरं?” गिलसूंनी विचारलं.

गुमोकला ते कारण इतकी वर्षं तोंडपाठ होतं, पण बोलायला गेली तेव्हा ते छोटं वाटलं. शाळेच्या चौकटीच्या स्कर्टवरच बापाने तिला सासांग भागातल्या बुटांच्या कारखान्याच्या फाटकाशी नेऊन उभं केलं होतं. वय वाढवून सांगितलं होतं. परदेशात जाणाऱ्या बुटांना तळवे चिकटवता चिकटवता तिच्या नाकातून गोंदाचा वास लग्नापर्यंत गेला नाही. पगार थेट बापाच्या हातात जाई, तिथून दोंगजुनच्या सोलमधल्या खोलीचं भाडं होई. पुढे तिचं लग्न एका खलाशाशी झालं. तो खोल समुद्रातल्या मासेमारीला गेला आणि बुडाला नाही. दूर स्पेनमधल्या लास पाल्मासच्या बंदरात त्याला दुसरं घर सापडलं. आता ती शाळेच्या स्वयंपाकघरात भाताची पातेली घासत होती. सरकारच्या संगणकाने तिचं उत्पन्न बघून ती बापाला पोसू शकत नाही असा निर्वाळा एका क्षणात दिला होता. तिच्या बाबतीत संगणकालाही विचार करावा लागला नव्हता.

“गणितात मी वर्गात पहिली होते, बाबा,” ती म्हणाली. “मास्तर घरी आले होते सांगायला. माझ्या डोक्यात काय जागा कमी होती?”

गिलसू आपल्या सुजलेल्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, “पैसा एकाच डोक्यापुरता होता.”

“ताई,” दोंगजुन म्हणाला, “मी मागितलं नव्हतं कधी.”

“नाही मागितलंस. मागितलं असतंस, तर मला नाही म्हणता आलं असतं.”

खाली बंदरात एका जहाजाने भोंगा दिला. सुल्ले एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. युग्यंगने वर्तुळाची फाइल हळूच मिटली आणि मांडीखाली सरकवली.

गुमोकला वाटलं होतं, हे बोलून झालं की हलकं वाटेल. काहीच वाटलं नाही. रिकामं पातेलं घासल्यासारखं झालं फक्त. दुपार सरत चालली होती, तालीम अर्धवट होती, आणि बापाचं रक्त तर कोणाचं बोलणं संपायची वाट बघत थांबणार नव्हतं. म्हणून तिने पुन्हा गुडघे मुडपले आणि ऑफिसातल्या मुलीच्या आवाजात विचारलं, “आजोबा, मुलंबाळं?”

गिलसूंनी मान वर केली आणि थेट दोंगजुनकडे बघितलं.

“एक मुलगा होता,” ते म्हणाले. “त्याच्यासाठी पोरीला कारखान्याला दिली आणि बायकोचे कान दिले. मुलगा मोठा झाला. आमचा राहिला नाही. पोरीला तोंड दाखवायची सोय राहिली नाही. तो येत नाही. आला, तर मी ओळखणार नाही.”

या खेपेला त्यांनी मागाहून काही जोडलं नाही. छाती पुढे आली नाही. दोंगजुन जमिनीवरच्या मेणकापडाच्या चौकड्यांकडे बघत होता, आणि त्याच्या नाकाच्या शेंड्यावर एक थेंब जमा होत होता.

“हे चांगलं झालं,” भिंतीपलीकडून थोंगयंगवाली म्हणाली. “असंच सांगा.”

त्यानंतर उरलं ते सगळं व्यवहाराचं होतं, आणि व्यवहाराच्या बाबतीत या घरातली माणसं शहाणी होती. पैसे अजिबात पाठवायचे नाहीत, असं ठरलं. फोन नाही. येणं नाही, नव्या वर्षालाही नाही. दोंगजुनने आईचा मोबाइल घेतला. त्यावर एक नंबरचं बटण दाबलं की त्याला फोन लागे. तिथे त्याने गुमोकला बसवलं आणि स्वतःला पुसून टाकलं. त्याला फार वेळ लागला नाही. दारातले बूट किती दिसतात यावरही ही ऑफिसातली माणसं ताडतात, असं युग्यंग कुठेतरी वाचून आली होती. त्यामुळे सणासाठी घेतलेल्या जास्तीच्या सपाता कपाटात गेल्या.

पूजेचं काय, हा प्रश्न गिलसूंनीच काढला. थोरला मुलगा नसेल तर पेला कोण भरणार? त्यांनी स्वतःच विचार केला आणि स्वतःच उत्तर दिलं. “गुमोक भरेल.”

एवढ्या वर्षांत तिने हा मान कधी मागितला नव्हता, पण उंबऱ्यात उभं राहून तो दर वर्षी पाहिला होता. आता तो मिळाला. बसमधला माणूस उतरून गेल्यावर जागा मिळते, तसा मिळाला. ती म्हणाली, “बरं.”

सुल्लेने एवढा वेळ काही विचारलं नव्हतं. आता तिने मुलाची बाही ओढली आणि विचारलं, की हे किती दिवस चालायचं. दोंगजुनने ओरडून सांगितलं, की दर वर्षी तपासणी होते, त्यामुळे मदत चालू आहे तोवर. म्हणजे बाबा आहेत तोवर, असा त्याचा अर्थ तिने बरोबर लावला. मग तिने विचारलं, “आणि ते गेल्यावर?”

या प्रश्नावर संस्थेत काही संशोधन झालेलं नसावं.

“तेव्हा ये,” सुल्ले म्हणाली. “मेलेल्या माणसाला सरकार काही देत नाही. तेव्हा आलास तर कोणी बोलणार नाही.”

ऊन उतरायला लागलं तशी युग्यंगने जागेवरून हालचाल केली. रस्ता भरायच्या आत निघायला हवं होतं, आणि हारिमला क्लासमधून घ्यायचं होतं. दारात तिने गुमोकचा हात धरला आणि धरूनच ठेवला. बोलायला काही सापडेना, तेव्हा म्हणाली की मासे फार छान झाले होते. दोंगजुनने कोट चढवला. मग तो परत आत आला, आईबापांसमोर उभा राहिला आणि दोन्ही तळवे कपाळाशी जोडून, गुडघे टेकून, जमिनीला डोकं लावून त्याने मोठा नमस्कार घातला. नव्या वर्षाला घालतात तसा. चुसॉकला तो घालायचं काही कारण नव्हतं. डोकं जमिनीवरून उचलायला त्याला वेळ लागला. गुमोकने तोंड फिरवलं. सुल्लेने त्याच्या पाठीवर, कोटाच्या शिवणीवर, दोनदा थोपटलं.

गिलसूंनी नमस्कार घेतला नाही की आशीर्वाद दिला नाही. ते भिंतीला टेकून, सुजलेले पाय लांब करून, खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्याकडे बघत बसले होते. आपण शिकवलेलं त्यांनी फारच मनावर घेतलं, असं गुमोकच्या मनात आलं. दोंगजुन उठला, दारापर्यंत गेला, एका पायात बूट घातला.

“दोंगजुन,” गिलसूंनी हाक मारली. त्यांच्या हातात रिमोट होता.

तो वळला.

“टीव्ही परत निळा झालाय. कुठलं बटण ते तेवढं दाखवून जा.”